मंद होत जाणाऱ्या यंत्रांची गोष्ट

मिक्सर जळाला की लगेच कळतं. वास येतो, घरघर थांबते, आणि संध्याकाळपर्यंत तो दुरुस्तीच्या दुकानात पोचलेला असतो. पण तोच मिक्सर महिन्यागणिक थोडा थोडा मंद होत गेला, तर चटणीला आधी एक मिनिट लागायचं आणि आता दोन लागतात, हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आपण नकळत दोन मिनिटं उभं राहायला शिकतो.

हा विषय डोक्यात घोळायचं कारण शेअर बाजार. आमच्या गोतावळ्यात गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक घरात एक डीमॅट खातं आणि एक चार्ट बघणारा माणूस तयार झालाय. (लग्नकार्यात पूर्वी पत्रिका जुळण्याची चर्चा व्हायची, आता 'सपोर्ट' आणि 'रेझिस्टन्स'ची होते!) या सगळ्या चार्टवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी सव्वानऊला सॉफ्टवेअर एकदम चपळ असतं, दुपारी दोननंतर मात्र माउस हलवला तरी रेघ मागून रांगत येते. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे : बंद करून परत चालू कर. तो लागूही पडतो. आणि लागू पडतो म्हणूनच पुढे कुणी चौकशी करत नाही.

मी थोडी चौकशी केली, आणि त्या नादात शेअर बाजाराच्या इतिहासात बरीच मागे जाऊन पोचले. हळूहळू मंदावण्याचा हा रोग कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. बाजाराने तो निदान तीन-चार वेळा भोगलाय, आणि दर वेळी त्याचं कारण वेगळं होतं. ती कारणं एकदा समजली की आपल्या टेबलावरच्या मशीनचं दुखणं ओळखणं खूप सोपं जातं. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात टिकरपासून. १८६७ पर्यंत न्यूयॉर्कच्या बाजारातले भाव पोरं पळत पळत दलालांच्या कचेऱ्यांत पोचवत. त्या वर्षी एडवर्ड कॅलहन नावाच्या तारखात्याच्या माणसाने भाव छापणारं यंत्र बसवलं. तारेवरून अक्षरं येत आणि कागदाच्या अरुंद पट्टीवर उमटत. त्याच्या टिकटिक आवाजावरून 'टिकर' हे नाव पडलं. पुढे तरुण एडिसनने त्यात सुधारणा केल्या आणि त्यातून बरे पैसेही कमावले. आज बातम्यांच्या चॅनेलवर खाली जी भावांची पट्टी सरकते, ती याच कागदी पट्टीची पणती.

या यंत्राला एक ठरलेली गती होती. १९२९ च्या सुमारास ते मिनिटाला सुमारे २८५ अक्षरं छापायचं. आता एक साधं गणित करू. समजा बाजारातून मिनिटाला ३०० अक्षरांचे व्यवहार येतायत. फरक फक्त १५ अक्षरांचा. पहिल्या मिनिटाला कुणाला काही जाणवणार नाही. तासाभराने मात्र ९०० अक्षरं तुंबलेली असतील, म्हणजे पट्टी तीन मिनिटं मागे. पाच तासांनी ती जवळजवळ सोळा मिनिटं मागे. यंत्रात बिघाड काहीच नाही. सकाळी जसं चालत होतं तसंच ते चालतंय. तरीही दिवसभर ते मागे मागे पडत जातं, आणि येणारा ओघ कमी होईपर्यंत ही उधारी फिटत नाही.

नेमकं हेच झालं. १२ जून १९२८ ला न्यूयॉर्कच्या बाजारात पहिल्यांदाच दिवसात पन्नास लाखांहून जास्त शेअर्सचे व्यवहार झाले आणि टिकर जवळजवळ दोन तास मागे पडला. म्हणजे मोठ्या पडझडीच्या सोळा महिने आधी यंत्राने आपली मर्यादा दाखवून दिली होती. तेजी असल्यामुळे त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९२९ च्या पडझडीवरच्या आपल्या पुस्तकात यावर मार्मिक लिहिलंय. भाव चढत असताना टिकर मागे असला, तर तुम्ही श्रीमंत झाल्याची बातमी तुम्हाला जरा उशिरा कळते, एवढंच. भाव पडत असताना तोच उशीर जीवघेणा होतो.

२४ ऑक्टोबर १९२९, गुरुवार. त्या दिवशी १,२८,९४,६५० शेअर्स हातोहात फिरले. बाजार तीनला बंद झाला, पण टिकर संध्याकाळी सात वाजून आठ मिनिटांपर्यंत टिकटिकत होता. देशभर दलालांच्या कचेऱ्यांत पट्टीकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना, पट्टीवर दिसणारा भाव प्रत्यक्ष बाजारात केव्हाच मागे पडलाय, हे ठाऊक होतं. खरा भाव किती, हे मात्र ठाऊक नव्हतं. रोख्यांच्या वेगळ्या टिकरवर मधूनमधून निवडक शेअर्सचे ताजे भाव येत, आणि दोन आकड्यांतली दरी बघून धीर आणखीच सुटे. उधारीवर शेअर्स घेतलेल्या माणसाला आपण अजून तगून आहोत की दोन तासांपूर्वीच धुऊन निघालो, हे कळायला मार्ग नव्हता. मग 'मिळेल त्या भावाला विका' असं सांगणंच उरलं. त्या विक्रीने व्यवहार आणखी वाढले आणि टिकर आणखी मागे पडला. पुढच्या मंगळवारी, २९ तारखेला, १,६४,१०,०३० शेअर्सचा आकडा गाठला गेला. हा विक्रम पुढे जवळजवळ चाळीस वर्षं टिकला.

बाजार टिकरमुळे कोसळला, असं कुणी म्हणणार नाही. त्याची कारणं मोठी आणि खोल होती. पण घबराटीला त्या मंद पट्टीने हातभार लावला हे नक्की. १९३० मध्ये मिनिटाला ५०० अक्षरं छापणारा नवा टिकर आला. प्रश्न सुटला असं वाटलं, आणि २९ मे १९६२ ला हा नवा टिकरही सव्वादोन तासांहून अधिक मागे पडला. मग १९६४ मध्ये ९०० अक्षरांचा आला. मोठं भांडं आणलं की काही वर्षं निभावतं, पण नळ किती सोडलाय याकडे लक्ष नसेल तर ते भांडंही भरून वाहतं.

मंदपणाचा हा पहिला प्रकार : ओघ मोठा, यंत्राची गती ठरलेली.

दुसरा प्रकार पाहायचा तर १९६८ मध्ये जावं लागेल. १ एप्रिल १९६८ ला १९२९ चा तो जुना विक्रम मोडला. टिकर आता वेगवान होता, टेलिफोन होते, सौदे झटपट होत होते. पण सौदा झाल्यावर शेअरचा कागद विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जायला हवा, आणि ते काम दलालांच्या मागच्या खोलीतले कारकून हातानेच करत होते. कागदांचे ढीग साचले. सर्टिफिकेटं हरवली, चोरीला गेली, चुकीच्या माणसाकडे पोचली. १२ जूनपासून वर्षअखेरपर्यंत न्यूयॉर्कचा शेअर बाजार दर बुधवारी बंद ठेवावा लागला, का तर साचलेला कागद उपसता यावा! तरीही डिसेंबर १९६८ मध्ये ४.१ अब्ज डॉलर्सच्या सौद्यांची पोच झालेली नव्हती. पुढच्या दोन वर्षांत अनेक दलाल पेढ्या बुडाल्या किंवा दुसऱ्यांच्या पदरी गेल्या. म्हणजे धंदा उदंड होता, आणि त्या उदंड धंद्यानेच त्यांना बुडवलं. खरा उपाय १९७३ मध्ये आला. कागद एका ठिकाणी ठेवायचे आणि फक्त नावाची नोंद बदलायची, अशी डिपॉझिटरीची व्यवस्था झाली.

हे वाचताना आपल्याकडच्या लोकांना दलाल स्ट्रीट आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबईच्या शेअर बाजारात मार्च १९९५ मध्ये 'बोल्ट' आलं आणि रिंगणातला आरडाओरडा संपून पडदे आले. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९९४ पासून, नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर पडद्यावरूनच शेअर्सचे सौदे सुरू झाले होते. सौदा सेकंदात होऊ लागला, पण सर्टिफिकेट मात्र पोस्टानेच फिरत होतं. सही जुळत नाही म्हणून परत आलेले ट्रान्स्फर फॉर्म ज्यांच्या घरात अजून कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडतात, त्यांना 'बॅड डिलिव्हरी' हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला, एनएसडीएल सुरू झालं, आणि हळूहळू तो कागद नाहीसा झाला.

१९ ऑक्टोबर १९८७ च्या सोमवारी हाच धडा पुन्हा मिळाला. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी ६० कोटींहून जास्त शेअर्सचे व्यवहार झाले आणि डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. तोपर्यंत ऑर्डरी कॉम्प्युटरवरून थेट बाजाराच्या मजल्यावर पोचत होत्या. मात्र तिथे पोचल्यावर त्या कागदावर छापल्या जात, आणि छापणारे प्रिंटर त्या ओघाला पुरे पडले नाहीत. ऑर्डरी खोळंबल्या. कोट्यवधी डॉलर्सची यंत्रणा आणि अडलं कुठे, तर प्रिंटरपाशी!

तर दुसरा प्रकार हा. जिथे आपण बघतो ते वेगवान असतं, आणि गाडं भलतीकडेच अडलेलं असतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून आपला निर्देशांक सुरू केला. पुढे बाजार ठीकठाक असूनही निर्देशांक मात्र उतरतच गेला. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४.८११ वर आला. मग तज्ज्ञ बोलावले आणि कारण सापडलं. दर सौद्यानंतर निर्देशांक नव्याने काढला जायचा, आणि दशांश चिन्हानंतर तीन आकडे ठेवून पुढचे आकडे जवळच्या आकड्यात न बसवता सरळ तोडून टाकले जायचे. एका वेळी सरासरी अर्धा सहस्रांश गेला तर कोण विचारतो? पण हे रोज हजारो वेळा होत होतं. म्हणजे दिवसाला एखाद-दीड अंक हवेत विरत होता, आणि असं बावीस महिने चाललं. पुन्हा बरोबर हिशेब केल्यावर निर्देशांक निघाला १०९८.८९२! शुक्रवारी बाजार बंद झाला तेव्हा ५२४ आणि सोमवारी उघडताना १०९८. बाजारात काहीच घडलं नव्हतं, फक्त हिशेब दुरुस्त झाला होता.

इथे यंत्र मंदावलं नव्हतं, आकडा झिजत होता. पण रोगाची जात तीच आहे. दर फेरीला एक कण मागे राहतो, एकटा कण निरुपद्रवी असतो, आणि फेऱ्या मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

याच जातीचा, पण काळजाला भिडणारा प्रकार २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये घडला. तिथल्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं. एक दशांश ही संख्या कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत पुरती लिहिता येत नाही, शेपूट तोडावंच लागतं. शंभर तास सलग चालल्यावर ती चूक ०.३४ सेकंद झाली होती. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिलं, तिला काही दिसलं नाही, आणि २८ सैनिक गेले. यातली टोचणारी गोष्ट पुढेच आहे. आठ तास सलग चालवल्यावरच नेम सरकू लागतो, हे इस्रायली सैन्याने दोन आठवडे आधी कळवलं होतं. २१ फेब्रुवारीला सगळ्या तुकड्यांना सूचनाही गेली की यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर नेम सरकू शकतो. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्या सूचनेत नव्हतं. मधूनमधून बंद करून चालू करणं एवढाच तात्पुरता उपाय होता आणि त्याला मिनिटभरच लागलं असतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला. एक दिवस उशिरा.

पुढच्याच वर्षी लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेने नवी संगणक यंत्रणा सुरू केली. २६ ऑक्टोबर १९९२ पासून तिची दैना सुरू झाली. गाड्या नेमक्या कुठे आहेत हे यंत्रणेला नीट कळेना, त्यामुळे इशाऱ्यांची यादी लांबत गेली. यादी लांबली म्हणून काम मंदावलं, गाडी येईना म्हणून लोकांनी पुन्हा फोन केले, आणि त्या फोनांनी ओझं आणखी वाढवलं. हा १९२९ च्या टिकरचाच सख्खा भाऊ. दुसऱ्या दिवशी अर्धं काम हातावर घेतलं गेलं आणि गाडी जरा रुळावर आली. मग ४ नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास सगळंच ठप्प झालं. तपासात निघालं की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅममध्ये एक छोटासा तुकडा राहून गेला होता. दर वेळी गाडी रवाना केली की तो मेमरीचा थोडा भाग अडवायचा आणि सोडायचा विसरायचा. पाहुणा गेल्यावर खुर्ची उचलून ठेवायची राहिली, तर एक खुर्ची अडचण करत नाही. तीन आठवडे रोज पाहुणे येत राहिले आणि शेवटी खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

संगणकशास्त्राने या प्रकाराला पुढे नावं दिली. डेव्हिड पार्नास यांनी १९९४ मध्ये 'सॉफ्टवेअर एजिंग' या नावाचा निबंध लिहिला. माणसासारखं सॉफ्टवेअरही म्हातारं होतं, आपण ते रोखू शकत नाही, पण का होतं हे समजून त्याचे परिणाम कमी करू शकतो, असा त्याचा आशय. १९९५ मध्ये बेल लॅब्सच्या संशोधकांनी 'रिजुव्हेनेशन', म्हणजे पुनर्यौवन, अशी कल्पना मांडली. यंत्रणा कोलमडण्याची वाट न बघता आपणच ठरलेल्या वेळी ती बंद करून ताजी चालू करायची. म्हणजे आपला 'बंद करून चालू कर' हा घरगुती उपाय विद्वानांनीही मान्य केलेला आहे बरं का! फरक इतकाच की ते आधी मोजतात आणि मग वेळ ठरवतात.

आता चार्टांकडे येऊ. चार्ट काढणं जुनंच आहे. ओसाकाच्या दोजिमा इथल्या तांदळाच्या बाजाराला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली, आणि आज आपण ज्यांना कँडल म्हणतो त्यांचं मूळ जपानमधल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांकडे सांगितलं जातं. चार्ल्स डाऊने १८९६ मध्ये बारा शेअर्सची औद्योगिक सरासरी काढायला सुरुवात केली. पण विसाव्या शतकात बराच काळ चार्ट म्हणजे आलेख कागद, टोकदार पेन्सिल आणि रोज संध्याकाळची पंधरा मिनिटं. १९८५ च्या आसपास मेटास्टॉकसारखी सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर आली तेव्हाही एका शेअरची दिवसाला एकच नोंद असायची. मेटास्टॉकच्या जुन्या पद्धतीत एका फोल्डरमध्ये २५५ च शेअर्स मावत. तेव्हा लोक त्या मर्यादेला वैतागत. पण त्या मर्यादेमुळे ढिगाऱ्याला आपोआप बांध होता.

आज काय होतं बघा. आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. एक मिनिटाच्या चार्टवर दिवसाला ३७५ कँडल. वर्षाला २५० दिवस धरले तर एका शेअरच्या ९३,७५० कँडल. पन्नास शेअर्स ठेवले तर ४६ लाखांच्या वर. आता २०० कँडलची चालती सरासरी हवी आहे. शहाणा प्रोग्रॅम नवी कँडल आली की बेरजेत एक आकडा मिळवतो, एक वजा करतो आणि मोकळा होतो. आळशी प्रोग्रॅम दर नव्या भावाला पहिल्या कँडलपासून सगळी सरासरी परत काढतो. म्हणजे एका शेअरसाठी दर वेळी सुमारे १ कोटी ८७ लाख बेरजा. एका चार्टला आजचं मशीन हे सहज पेलतं, पन्नास चार्टांना धापा टाकतं. आणि डेटा वाढत जाईल तसं ते दर महिन्याला थोडं आणखी मंद होतं.

म्हणून मंदपणा बघितला की मी तीन प्रश्न विचारते.

पहिला : कधी मंद होतं? फक्त बाजार उघडताना आणि बंद होताना गर्दीच्या वेळी होत असेल आणि मधे आपोआप सुधारत असेल, तर तो टिकरचा प्रकार. ओघ जास्त आहे. शेअर्सची यादी कमी करा, प्रत्येक भावाला चार्ट नव्याने काढण्याऐवजी सेकंदातून एकदा काढायला सांगा.

दुसरा : बंद करून चालू केल्यावर बरं होतं का? होत असेल तर काहीतरी साचतंय, लंडनसारखं. होत नसेल आणि दिवाळीपेक्षा आता मंद आहे अशी तक्रार असेल, तर डेटा वाढलाय. जुन्या वर्षांचा मिनिटाचा डेटा वेगळा काढून ठेवा, रोज पाहायला पाच वर्षांच्या मिनिटांची गरज कुणालाच नसते.

तिसरा : अडलंय नक्की कुठे? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांचे आकडे सकाळी दहाला आणि दुपारी दोनला कागदावर लिहा. तिथेच 'हँडल्स' आणि 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' असे रकाने दाखवता येतात. चित्र काढायला लागणारी पेनं, कुंचले यांची ही मोजदाद, आणि एका प्रोग्रॅमला साधारणपणे अशी १०,००० च मिळतात. आकडा तासातासाला चढत असेल आणि कधीच उतरत नसेल, तर कुणीतरी खुर्च्या उचलत नाहीये. मग एकेक इंडिकेटर काढून बघायचा. एका वेळी एकच. दोन काढले तर चोर कोणता, ते कळणार नाही.

हे सगळं मी आमच्या मामांच्या मशीनवर करून पाहिलं, म्हणून इतक्या खात्रीने लिहितेय. मामा निवृत्तीनंतर चार्ट बघायला लागले. पैसे थोडेच लावतात, पण वहीत प्रत्येक सौदा लिहून ठेवतात. गेल्या वर्षी अचानक म्हणाले, "अगं, आता सोडून देतो हे. वय झालं. दुपारी हात चालत नाही, डोळ्यांना दिसेपर्यंत भाव निघून जातो." मामींनाही ते पटलं होतं. मला त्यांच्या वहीत एक गंमत दिसली. सकाळचे सौदे ठीक होते, सगळी चुकामूक दोननंतरची होती. मग एक दिवस दुपारी त्यांच्या चार्टवरचा भाव आणि शेजारी मोबाइलवरचा भाव मी समोरासमोर ठेवला. चार्ट पाऊण मिनिट मागे होता. मामा पाऊण मिनिट जुन्या भावावर निर्णय घेत होते आणि दोष स्वतःच्या वयाला देत होते.

चोर एका तासात सापडला. कुणीतरी त्यांना फुकट दिलेला एक इंडिकेटर होता, दिवसाचा सर्वोच्च आणि नीचतम भाव दाखवणाऱ्या दोन रेघा काढणारा. दर नव्या भावाला तो दोन नव्या रेघा काढायचा, जुन्या न पुसता, त्याच जागी. डोळ्यांना दोनच दिसायच्या, पण दुपारपर्यंत खाली हजारो रेघांची चळत असायची. तो काढला आणि मशीन साडेतीनपर्यंत सकाळसारखं चाललं. मामा काही बोलले नाहीत. वहीचं नवीन पान काढून त्यांनी तारीख घातली.

तेव्हापासून मला वाटतं की मंदपणाची खरी किंमत वेळेत मोजायची नसते. उशीर एकदा अंगवळणी पडला की माणूस त्याचं कारण स्वतःत शोधायला लागतो. आपलंच लक्ष नाही, आपणच सावकाश आहोत, आता जमत नाही. १९२८ च्या दोन तासांच्या उशिराची लोकांना सवय झाली. 'फार वेळ' म्हणजे किती, हे धाहरानच्या सूचनेत लिहिलं गेलं नाही. या गोष्टींत मला सारखी एकच उणीव दिसते. काल किती वेळ लागत होता, याचा आकडा जवळ असता तर आजचा उशीर वेळीच दिसला असता.

तेव्हा मंडळी, ज्यांच्या घरी असं रांगणारं मशीन असेल त्यांनी जरूर बंद करून चालू करावं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याआधी घड्याळ बघून कागदावर एक ओळ लिहावी : किती वाजता चालू केलं होतं आणि किती वाजता मंदावलं. आठवडाभराच्या पाच ओळींतून बहुतेक वेळा अर्धं उत्तर मिळतं. कुणाला वेगळा चोर सापडला असेल तर जरूर कळवा, वाचायला आवडेल.